दंडाचा घेर आणि नाइट ड्यूटी

ताई,
मी पलूस तालुक्यातला. वय २६, आयटीआय फिटर, कुपवाड एमआयडीसीत परमनंट. उंची पाच फूट सहा, वजन ५८ किलो. मधली दोन वर्षं मामाकडे त्रिशूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात काढली, बाकी सगळं इथंच. वर्षभरात तीन स्थळांकडून नकार आला, कारण कुणी सांगत नाही. आता चौथं चालू आहे. मुलगी मिरजेत स्टाफ नर्स आहे. दोनदा भेटलो, एकदा घरी, एकदा हरिपूरला संगमावर. मला ती आवडली. तिनं विचारलं, नाइट ड्यूटीच्या आठवड्यात घरचं कसं होईल? मी म्हटलं, आई आहे ना. तेव्हापासून तीन आठवडे 'मुलगी विचार करतेय' एवढाच निरोप. मित्र म्हणतात, तुझी बॉडी बघून कोण हो म्हणेल, बायल्या दिसतोस. जिमचा ट्रेनर म्हणतो, तीन महिन्यांत दंड सोळा इंच करून देतो, पण दोन प्रकारची इंजेक्शनं घ्यावी लागतील. पैसे जमवलेत. वडील म्हणतात, मिशी वाढव. आणि कराडला शिकणारी चुलत बहीण ज्या कोरियन गायकांवर फिदा आहे त्यांना मिशीच नाही, वर ओठाला रंग. मग पुरुषानं दिसावं तरी कसं? पोरींना नक्की आवडतं काय? मला अरे-तुरेच करा.
– गोंधळलेला

अरे गोंधळलेल्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तू एका ओळीत उरकलीस आणि उरलेलं पान दंडांवर घालवलंस. त्या ओळीकडे येतेच, पण आधी इंजेक्शनं. पैसे जमलेत म्हणतोस, म्हणजे घाई आहे.

ट्रेनरनं औषधांची नावं सांगितलेली दिसत नाहीत. उद्या विचार. एक बहुतेक टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या भावकीतलं एखादं स्टेरॉइड असणार. ते काय करतं हे कारखान्याच्या भाषेत सांगते, तुला लगेच कळेल. तुझ्या शरीरात या हार्मोनचं गाळप बारा महिने चालू असतं. बाहेरून आयती पोती येऊन पडायला लागली की मेंदू खाली निरोप धाडतो, गाळप बंद करा. अंडकोश आक्रसतात, शुक्रजंतूंची संख्या पडते, कधी पार शून्यावर येते. कोर्स संपला म्हणून बॉयलर लगेच पेटत नाही. कुणाला महिने लागतात, कुणाचा पूर्वीसारखा पेटतच नाही. मग लग्नाला दोन वर्षं झाल्यावर लोक 'काही गोड बातमी?' असं विचारणार, ते तुला नाही, तुझ्या बायकोला. शिवाय जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, त्यामुळे पुरुषाची छाती बाईसारखी वाढू शकते. मित्र बायल्या म्हणतात म्हणून घ्यायचं औषध, आणि त्याचा गुण हा.

दुसरं मेफेंटरमाइन असू शकतं, जिमवाल्यांत त्याचं खूळ आहे. हे ऑपरेशन थिएटरमधलं औषध. पाठीत भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब घसरला तर वर आणायला देतात. धडधाकट माणसानं टोचून घेतलं की छाती धडधडते, रक्तदाब चढतो, अंगात वारं भरल्यासारखं होतं. मग सवय लागते. यातलं काही आधीच घेऊन झालं असेल तर लपवू नकोस. फिजिशियनकडे जा, काय घेतलं आणि किती ते खरं सांग, रक्त तपासून घे. डॉक्टर रागावतील, पण त्यांनी याच्याहून वाईट ऐकलेलं असतं.

व्यायामाला माझी ना नाही. अंडी, दूध, उसळी, शेंगदाणे, भाकरी, रात्रीची झोप आणि वर्षभराचा धीर, एवढ्यावर जे होईल ते तुझं. सांगलीत राहून भडंग खाऊन दंड होत नाहीत, हे मात्र मान्य कर.

आता तुझे तीन सल्लागार. ट्रेनर, वडील आणि बहीण. तिघंही मनापासून बोलतायत आणि तिघांच्या हातातल्या पट्ट्या वेगवेगळ्या मुलखातल्या आहेत.

वडिलांची मिशी घे. त्यांच्या डोळ्यांसमोर पलटणीतून सुट्टीवर आलेलं कुणीतरी असणार. साताऱ्याकडचं अपशिंगे मिलिटरी म्हण किंवा इकडची गावं म्हण, घरटी एक फौजी असलेल्या मुलखात मिशी म्हणजे पुरुषाचं ओळखपत्रच. पण तिचीही गंमत आहे. कंपनी सरकारचा साहेब इथं आला तेव्हा गुळगुळीत तोंडाचा होता. मिशीवाल्या शिपायांपुढं तो पोरगेला दिसायचा. १८५४ मध्ये कंपनीच्या मुंबई फौजेत गोऱ्यांनाही मिशी सक्तीची झाली. पुढे अख्ख्या ब्रिटिश फौजेत वरच्या ओठाला वस्तरा लावायचा नाही असा नियम होता, तो थेट १९१६ पर्यंत. मग नियम उठला आणि साहेब पुन्हा गुळगुळीत झाला. म्हणजे साहेबानं मर्दानी दिसणं आपल्याकडून उचललं, साठ-सत्तर वर्षं वापरलं आणि ठेवून दिलं. त्याच साहेबानं हिंदुस्थानातल्या लोकांची 'लढाऊ' आणि 'बायकी' अशी वाटणीही केली होती, ती मात्र आपण अजून उराशी धरून आहोत.

बहिणीचे कोरियन गायक. त्यांच्याकडे अशा देखण्या पोरांना 'क्कोन्मिनाम' म्हणतात, फुलासारखा देखणा पुरुष. तुझे मित्र यावर हसतील. त्यांना सांग, दीड हजार वर्षांपूर्वी कोरियातल्या सिल्ला राज्यात 'ह्वारांग' नावाची तरुणांची फळी होती. नावाचा अर्थच फुलपोरं. जुन्या बखरी सांगतात की ती नटून-थटून, चेहरा रंगवून असायची, आणि लढाईला पुढंही तीच असायची. आजचंही बघ. दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषाला सैन्यात नोकरी सक्तीची आहे. बहिणीच्या भिंतीवर बीटीएसचं पोस्टर असेल तर त्यातला जिन डिसेंबर २०२२ मध्ये भरती झाला आणि दीड वर्ष काढून जून २०२४ मध्ये बाहेर पडला. ओठाला रंग लावणारा तोच आणि रंगरुटांना कवायत शिकवणाराही तोच. तिकडच्या लोकांना यात कोडं पडत नाही.

लांब कशाला, तू त्रिशूरला होतास की. तिथं लग्नात नवरदेव काय नेसला होता? सोनेरी काठाचा पांढरा मुंडू ना? तोच नेसून पलूसच्या एसटी स्टँडवर उभा राहा, 'लुंगी लावून कुठं निघालास रं?' असं चार जण विचारतील. मधे अंतर किती, एका रात्रीच्या रेल्वेचं किंवा जरा जास्त.

ट्रेनरचे सोळा इंच मात्र सगळ्यात नवे आणि सगळ्यात महाग. ते आले कुठून ते सांगते. अमेरिकेत जी. आय. जो नावाचा एक खेळण्यातला शिपाई आहे, १९६४ पासूनचा. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं माप काढलं. तो खऱ्या माणसाएवढा उंच असता तर पहिल्या बाहुल्याचा दंड सुमारे १२ इंच भरला असता. १९९० च्या दशकातल्या बाहुल्याचा जवळजवळ २७ इंच. तीस-पस्तीस वर्षांत पोरांच्या हातातला शिपाई दुपटीनं फुगला. हाडामांसाची माणसं काही फुगली नव्हती, म्हणून मग सुई.

याच पोप यांनी २००० साली आणखी एक अभ्यास छापला, तो तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना पडद्यावर पुरुषाचं शरीर कमीजास्त पिळदार करून दाखवलं आणि विचारलं, तुला स्वतःला कसं व्हायचंय, आणि बायकांना कसं आवडत असेल? पोरांनी आपल्या अंगावरच्यापेक्षा साधारण १३ किलो जास्त स्नायूंचं शरीर निवडलं. बायकांना तर त्याहूनही थोडं जास्तच, साधारण चौदा किलो, हवं असणार म्हणाले. मग प्रत्यक्ष बायकांना विचारलं. त्यांनी साधंसुधं, रोज रस्त्यात दिसतं तसलं शरीर पसंत केलं. चौदा किलोंचं ओझं पोरांनी आपल्याच मनानं डोक्यावर घेतलेलं.

पुढे हीच परीक्षा तैवानमध्ये घेतली. तिथल्या पोरांना आपल्या शरीराबद्दल इतकी टोचणी नव्हती. चिनी परंपरेत पुरुषार्थाचे दोन हात मानतात, 'वेन' आणि 'वू', लेखणी आणि तलवार, आणि त्यात लेखणीचा हात बऱ्याचदा वरचढ धरतात. किरकोळ अंगाचा, कविता करणारा, परीक्षा पास झालेला माणूस तिथं शतकानुशतकं नायक होता. अभ्यास करणाऱ्यांनी दिलेलं एक कारण हेच.

म्हणजे दंड कुणासाठी? मला वाटतं, तुझ्या मित्रांसाठी. पोरं दंडाला टेप लावतात ती दुसऱ्या पोरांसमोर.

आपल्याकडचं जुनं बलदंड शरीर तरी पोरींसाठी होतं का? हे मी घरातलं सांगते. आमचे आजोबा पैलवान. सांगलीच्या गावभागात आमचं घर. संध्याकाळी तालमीच्या दारापर्यंत दुधाची कासंडी पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. दारापर्यंतच, कारण मुलींना आत मज्जाव. दार बुटकं, वाकून आत जावं लागायचं. त्या दारातून जो वास यायचा तो अजून माझ्या नाकात आहे. हौद्यातली तांबडी माती, तिच्यात मुरवलेलं ताक, हळद, लिंबू, तेल. आत कोनाड्यात मारुती. तो ब्रह्मचारी, म्हणून पोरांनाही तोच नेम. वस्तादांना कळलं की अमका पोरगा शाळा सुटायच्या वेळी चौकात उभा असतो, तर त्याला जोर वाढवून मिळायचे. ते कमावलेलं अंग मारुतीचं, वस्तादांचं आणि गावाचं. पोरींनी बघावं म्हणून कुणी बैठका मारत नव्हतं. उलट पोरींपासून लांब राहणं हाच पुरुषार्थ. आरशासमोर उभं राहून फुगवायचा दंड ही आपली चाल नव्हेच. हौद्यात आरसा नसतो.

आणि त्या आत चालायचं काय? मुलींना मज्जाव, मग रांधणार कोण? पैलवानच. बदाम-खसखस दगडी कुंडीत घोटायची, भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, लंगोट धुवायचे, थकलेल्या जोडीदाराचे पाय चेपायचे. सगळं पुरुषांनी पुरुषांसाठी. कुस्तीत रगडून भज्यासारखे झालेले कान घेऊन आमचे आजोबा भाकरी अशी थापायचे की आजी म्हणायची, माझी एवढी फुगत नाही. एका पावसाळ्यात आजीचा हात मोडला तेव्हा आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या त्यांनीच घातल्या, शाळेला जायच्या आधी, तांबड्या रिबिनी लावून. इतक्या घट्ट ओढायचे की डोळ्यांत पाणी यायचं. पण संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही.

खरं तेही सांगते. पैलवान होते म्हणून त्यांना ते खपलं. समोरच्या पोस्टातल्या किरकोळ काकांनी मुलींच्या वेण्या घातल्या असत्या तर गल्लीनं त्यांना नाव ठेवलं असतं. गल्ली तेव्हाही तुझ्या मित्रांसारखीच होती.

तुझं वजन ५८ किलो ना? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला खेळले ते बँटमवेट गटात. त्या गटाची मर्यादा ५७ किलो. तुला त्यात उतरायला एक किलो कमी करावा लागला असता. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या अंगानं आणलंय.

आणि तुझ्याच तालुक्यातलं नागठाणे. तिथं १८८८ साली नारायण श्रीपाद राजहंस जन्माला आले. बालगंधर्व. त्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं रंगमंचावर बाई होऊन काढली, आणि अशी बाई की महाराष्ट्रातल्या खऱ्या बायका त्यांच्याकडे बघून लुगडं नेसायला शिकल्या. शेला कसा घ्यायचा, अंबाडा कसा बांधायचा, गजरा कुठं माळायचा, हे घरंदाज बायका एका पुरुषाकडून उचलत होत्या. घरी बायको, संसार. त्यांना कुणी बायल्या म्हटलं नसेल असं नाही. पण लोक बैलगाड्या जोडून येत, कर्ज काढून तिकिटं घेत, आणि ते 'अन्नदाते' म्हणून त्याच लोकांपुढं वाकत. लहानपणी त्यांना मदतीचा हात दिला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधणारा तोच राजा. एकाच माणसाला शड्डूचाही षोक आणि बाईच्या वेशातल्या पोराच्या गळ्याचीही कदर. त्याला त्यात विसंगती दिसली नाही, आपल्याला का दिसावी? आषाढात लोणंद-फलटणच्या वाटेला जाऊन बघ. पिळदार मिशांचे बागाईतदार एकमेकांचे हात धरून फुगड्या घालतात आणि एकमेकांना 'माउली' म्हणून पाया पडतात. परत गावी आल्यावर त्यातलाच एखादा पोराला 'बायकांसारखा रडतोस काय' म्हणून ओरडतो, तेही मी ऐकलंय.

हातावरून आठवलं. मिरज स्टँडवर दोन मित्र करंगळीत करंगळी घालून चालले तर कुणी वळून बघत नाही. २००५ साली अमेरिकेचे अध्यक्ष बुश सौदीचे युवराज अब्दुल्ला यांचा हात धरून आपल्या टेक्सासच्या वाडीवर फिरले, तर अमेरिकेत आठवडाभर टिंगल चालली होती. सौदीत तो पाहुणचार, तिकडे चेष्टा.

'पोरींना काय आवडतं' हे जिथं पोरीच ठरवतात असाही एक मुलूख आहे. आफ्रिकेत नायजर देशाकडे वोडाबे नावाचे गुराखी लोक आहेत. पावसाळा संपताना त्यांचा गेरेवोल भरतो. पुरुष तासन् तास आरशासमोर बसून तोंडाला तांबडा-पिवळा रंग फासतात, ओठ काळे करतात, मण्यांनी अंग मढवतात. मग ओळीनं उभे राहून नाचतात, डोळे फिरवून पांढरा भाग दाखवतात, दात विचकून दाखवतात. पांढरे दात, सरळ नाक, उंच सडपातळ बांधा. परीक्षक बायका. खरसुंडीच्या बाजारात खिलाराचे दात बघतात ना, तसं काहीसं. तुला हसू येतंय? आपल्याकडे पोह्यांची बशी घेऊन पोरगी बाहेर येते आणि आठ जण तिची चाल बघतात, ते त्यांना किती हसू आणेल विचार कर.

आता तुझा बायोडाटा काढ. उंची आहे, वर्ण आहे ('निमगोरा' हा शब्द कुणी शोधला कोण जाणे), शेती किती, बागाईत किती, पगार, मामाचं गाव. दंडाचा रकाना आहे का? मुलीकडच्यांनी विचारलं, परमनंट आहात का. ते तू आहेस. ही अपेक्षाही फक्त आपल्याकडची नाही. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञानं ३७ समाजांतल्या दहा हजारांवर माणसांना जोडीदार कसा हवा असं विचारलं, ते १९८९ साली छापून आलं. जोडीदाराच्या कमाईला बायकांनी पुरुषांपेक्षा जास्त वजन दिलं, ३७ पैकी ३६ ठिकाणी. पण प्रेमळ, समजूतदार आणि हुशार माणूस हवा, हे बाया-पुरुष दोघांच्याही यादीत वर होतं. म्हणून रूपाला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही, खोटं होईल. स्वच्छ राहा, केस नीट काप, बोलताना समोर बघ. मिशी तुला शोभत असेल तर ठेव. आमच्या यजमानांना कधी शोभली नाही. पण मला बघायला आले तेव्हा चहा झाल्यावर कप स्वतः उचलून आत मोरीपाशी ठेवून आले. त्या दिवशी त्यांचा शर्ट कोणता होता ते विचारलंस तर मला सांगता येणार नाही. सासूबाईंचा चेहरा मात्र अजून आठवतो.

'बायल्या' या शब्दाबद्दल एकच. त्यात बाई आहे. जिला घरी आणायला तू एवढा धडपडतोयस, तिच्या जातकुळीचीच शिवी करून मित्र तुला देतात आणि तू ती खिशात घालून तिला भेटायला जातोस.

आता ती ओळ.

तिनं विचारलं, नाइट ड्यूटीच्या आठवड्यात घरचं कसं होईल. तू म्हणालास, आई आहे ना. तिच्या जागी बसून ऐक. रात्रभर वॉर्डात उभी राहून ती सकाळी मिरजेहून बस धरणार, पलूसला पोचेपर्यंत घरात चहा, अंघोळी, डबे यांची धांदल. तू फर्स्ट शिफ्टला गेलेला किंवा निघालेला. दमून आलेली सून दार लावून झोपणार आणि तुझी आई चुलीपुढं. दोन दिवस कुणी काही बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी भांडी वाजायला लागतील. नर्स आहे ती. तिच्याबरोबरच्या पोरींच्या घरी काय होतं ते तिनं डबा खाताना रोज ऐकलेलं आहे. तुझ्या दोन शब्दांत तिला दिसलं ते एवढंच, की हा प्रश्न दोन बायकांचा आहे आणि तू त्यात नाहीस. तीन आठवडे ती याचा विचार करत असावी, असा माझा अंदाज. चूकही असेल. पण तुझ्या दंडाकडे तिनं बघितलंही नसेल यावर मी पैज लावीन.

बरं, मामाच्या दुकानावर दोन वर्षं होतास. गलाईवाल्या पोरांच्या खोल्या मला माहीत आहेत, आमच्या नात्यातली पोरंही गेलीत. वर एक खोली, खाली भट्टी, बाई माणूस कुणी नाही, आणि भात-आमटीला पाळ्या लावलेल्या. म्हणजे तुला रांधता येतं! दोन वर्षं पाच-सहा जणांचं रांधलंयस. मग हरिपूरला तुझ्या तोंडाला कुलूप का लागलं? तिथं ते 'आपलं आपण करणं' होतं आणि पलूसला आल्यावर बायकांचं काम झालं, म्हणून?

आधी आईशी बोल, हे मात्र विसरू नकोस. तिला न विचारता तू तिच्या गळ्यात एक आठवडा मारून आलायस. आणि मध्यस्थाकडून निरोप पाठवत बसू नकोस. घरच्यांना सांगून तिला सरळ फोन कर, परत एकदा भेटू म्हण. नको म्हणाली तर नको, तिथंच थांब, पाठीमागं लागू नकोस. हो म्हणाली तर ट्रेनरकडून आणलेली इंजेक्शनांची नावं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेव आणि दाखव तिला. ती ओळखेल. कदाचित चिडेल, चिडू दे. त्यातून तुम्ही दोघं खरं काहीतरी बोलाल, बायोडाट्यातलं नव्हे.

मग संगमाच्या पायऱ्यांवर बसल्यावर तिला सांग, त्रिशूरच्या खोलीत तुझी पाळी कोणत्या वारी असायची आणि त्या दिवशी तू काय करायचास. आमटी खारट झाली होती का कधी, तेही सांग.

– ताई